सरलेलं वर्ष

१

टेबल होतं. टेबलावर पाण्याचा जग होता, जगाशेजारी पालथा घातलेला पेला होता. ठसा तेवढा नव्हता.

"ताई, काल दुपारपर्यंत इथेच होता," माझा धाकटा भाऊ म्हणाला. तो या संशोधन संस्थेचा संचालक आहे. पण लहानपणी पाटी हरवली की जसा रडवेला होऊन माझ्याकडे यायचा, तसाच अजूनही येतो. मी जन्मभर विमा कंपनीत नुकसान तपासायचं काम केलं. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं आणि त्यांच्यासमोर उभं राहून खोटं रडणारी माणसं, हे माझं जग. आता निवृत्त आहे. घरी मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघेच राहतो, आणि दोघांत घड्याळच जास्त बोलतं. त्यामुळे भावाने बोलावलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

"ठसा म्हणजे काय ते आधी सांग," मी म्हटलं. "अगदी अडाण्याला सांगतोस तसं."

त्याने सांगितलं. दगडावर जुना लेख कोरलेला असतो. त्यावर जाड ओला कागद पसरायचा आणि ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा. वाळला की कागद अलगद सुटून येतो आणि अक्षरं त्याच्या पाठीवर उठलेली असतात. हरवलेला ठसा ज्या दगडाचा होता, तो दगड एका जलाशयाच्या तळाशी होता. पाणी आटलं, दगड उघडा पडला आणि संस्थेतल्या एका संशोधक मुलीने जाऊन ठसा घेतला. दुसरा घ्यायला गेली तोवर पाणी पुन्हा चढलं होतं.

"फोटो काढले असतील की."

"काढलेत. फोटोत नुसता झिजलेला दगड दिसतो. शेवटची ओळ तर मुळीच दिसत नाही, आणि सगळी गोम त्या ओळीतच आहे."

"काय होतं ओळीत?"

भावाने आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"शास्त्रीबुवांचा विजय."

२

शास्त्रीबुवा म्हणजे या संस्थेतले सर्वांत जुने विद्वान. जुन्या लेखांवरून जुन्या राजांचा काळ ठरवण्यात त्यांनी हयात घालवली. लग्न केलं नाही. संस्थेतल्याच एका खोलीत राहतात. त्यांचं एकच भांडण होतं आणि ते सगळ्या विद्वानांना तोंडपाठ होतं.

एका राजघराण्याच्या लेखांत वर्षाचा नुसता आकडा असतो. ते वर्ष सरलेलं धरायचं की चालू? म्हणजे असं बघा, एखाद्या मुलाला चार वर्षं पूर्ण झाली म्हणा, नाहीतर पाचवं लागलं म्हणा. पोर तेच, आकडे दोन. शास्त्रीबुवा म्हणत, वर्ष सरलेलं. दुसऱ्या गावातले एक गृहस्थ म्हणत, चालू. एकाचं खरं मानलं की सगळं राजघराणं वर्षभर मागे सरकतं, दुसऱ्याचं मानलं की पुढे. त्या एका वर्षासाठी दोघे उभा जन्म भांडले. शास्त्रीबुवा त्या गृहस्थांना नुसतं 'प्रतिपक्ष' म्हणायचे, आणि आता सगळी संस्थाच तसं म्हणते. दर रविवारी सकाळी प्रतिपक्षाचा फोन यायचा आणि शास्त्रीबुवांचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू जायचा.

नव्या लेखाच्या शेवटच्या ओळीत 'इतकी वर्षं सरल्यावर' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. निदान ठसा घेणाऱ्या मुलीने तसं वाचलं होतं. येत्या शनिवारच्या सभेत ती ते सर्वांपुढे मांडणार होती.

"आता लोक काय म्हणणार?" भाऊ कपाळ चोळत म्हणाला. "दगड पाण्यात, फोटोत काही नाही, ठसा गायब. म्हणतील, ओळ नव्हतीच! गुरूला जिंकवायला शिष्येने रचली, आणि पडताळणीची वेळ आली तसा ठसा नाहीसा केला. शनिवारपर्यंत मिळाला नाही ना ताई, तर मला तिला काढावं लागेल. आणि हा बट्टा घेऊन ती जाणार कुठे? कुणी दारात उभं करणार नाही."

"फाटकावरून कुणी काही नेलं का?"

"पहारेकरी म्हणतो, नाही. सकाळी इथेच मुलीची झडतीही घेतली, काही निघालं नाही."

त्या पहारेकऱ्याने मला आत येतानाही पाहिलं नव्हतं. त्यामुळे ती साक्ष मी बाजूला ठेवली आणि शेजारच्याच दारावर टकटक केली.

शास्त्रीबुवा खुर्चीत बसून, मांडीवर पाट घेऊन काहीतरी लिहीत होते. समोरच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर काही म्हणजे काही नव्हतं. जाडजूड कोश भिंतीशी जमिनीवर रचलेले होते. विद्वानाचं टेबल इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या हापिसात असं टेबल फक्त बदली झालेल्या माणसाचं असायचं.

"बसा बाई," ते म्हणाले आणि स्वतः उठले. गुडघे धरत, कण्हत खिडकीपर्यंत गेले, तिथल्या तांब्यातून पाणी घेतलं, पेला माझ्या हातात दिला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. मग रिकामा पेला पुन्हा खिडकीत ठेवून आले.

"गुडघे इतके दुखतात तर तांब्या हाताशी का नाही ठेवत?"

"तेवढाच व्यायाम," ते म्हणाले.

"तुम्ही ठसा वाचला होता?"

"मी? नीट नाही वाचला. डोळे कुठे राहिलेत आता." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "त्या ओळीबद्दल मी काही सांगू शकणार नाही."

मी निघाले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "मग शनिवारची सभा रद्दच होणार ना?"

३

मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. समोर डबा होता, झाकण उघडलेलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "मी संचालकांची बहीण. तू मला मावशी म्हण."

"मावशी, मी चोर नाही."

"असं सगळेच म्हणतात. मला ठशाबद्दल सांग. गुंडाळून ठेवला होतास?"

ती एकदम शहारलीच. "गुंडाळून? छे! गुंडाळला की अक्षरं मोडतात. तो दोन पातळ फळ्यांमध्ये सपाट ठेवतात, वरून फीत बांधून. टेबलाएवढ्या असतात फळ्या." तिने हात पसरून दाखवलं. "ठशाचे शत्रू दोन, मावशी. पाणी आणि वजन. वर जड काही ठेवलं की अक्षरं चपटी होतात. आणि पाणी पडलं की संपलंच, कागद पुन्हा मऊ होतो, अक्षरं जिथून आली तिथे परत जातात. काल त्या खोलीत कुणीतरी जग ठेवला तर मी भांडले होते त्यावरून."

"फळ्याही गेल्या?"

"फळ्या, फीत, सगळं."

"आणि शास्त्रीबुवा म्हणतात, त्यांनी तो नीट वाचलाच नाही. डोळे अधू झालेत म्हणे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

"सरांनी तो डोळ्यांनी वाचलाच नाही," ती हळूच म्हणाली. "बोटांनी वाचला. डोळे मिटून. शेवटच्या ओळीवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवली आणि मला म्हणाले, 'मुली, सरलं.' मग रुमाल मागितला. मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, मावशी, पण त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. मला वाटलं, आनंदाने रडतायत."

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. ज्याचं करिअर बुडत होतं तो, की जो जिंकला होता तो?

४

तिसरा माणूस भावाच्या खोलीत बसून होता. प्रतिपक्षाचा मुलगा. कालच संध्याकाळी तो गावात उतरला होता, आणि भावाला वाटत होतं की पोलिसांत द्यायचं तर यालाच द्यावं.

"मी आलो होतो ते सभा पुढे ढकला म्हणून सांगायला," तो म्हणाला. लपवाछपवी नव्हती. "सभेचं पत्र आलं, त्यात नव्या लेखाचं होतं; बाबांना दाखवलंच नाही मी. आई गेल्यापासून बाबा अंथरुणाला खिळल्यासारखे झालेत. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. रविवारी मात्र पहाटे उठतात, दाढी करतात, फोनशी जाऊन बसतात. त्या भांडणावर जगतायत ते. ते संपलं तर..."

"मग ठसा नाहीसा झाला हे तुमच्या पथ्यावरच पडलं की."

"पडलं. पण मी नाही घेतला. अहो, माझ्याजवळ ही एवढीशी पिशवी. तेवढी मोठी गुंडाळी तिच्यातून बाहेर आली नसती का?"

गुंडाळी! मी मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं. ज्याला ठसा गुंडाळतात असं वाटतं, त्याच्या हातून तो फळ्यांसकट जाणं शक्य नव्हतं.

"शास्त्रीबुवांना भेटलात?"

"भेटलो ना, काल संध्याकाळीच. त्यांनाही हेच सांगितलं. टेबलावर तांब्या होता, त्यातून त्यांनी बसल्या बसल्या पाणी ओतून दिलं मला. मग म्हणाले, 'दाढी करतो म्हणता रविवारी?' एवढंच." तो जरासा हसला. "विचित्र माणसं आहेत दोघं. इतकी वर्षं बोलतायत, पण एकमेकांना कसे आहात म्हणून एकदाही विचारलेलं नाही. नुसते आकडे. आणि हल्ली तर भांडून फोन ठेवला की बाबा हसतात. म्हटलं, बाबा, हरताय का जिंकताय? तर म्हणतात, तुला नाही कळायचं."

मी उठले. भाऊ म्हणाला, "काय गं? कळलं का काही?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "चल म्हणत नाही तुला. मी एकटीच जाते."

५

शास्त्रीबुवा होते तसेच बसलेले होते. पाट मांडीवर, टेबल मोकळं. मी दार लोटून घेतलं.

"माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते," मी म्हटलं. "ज्याला पुरावा नको असतो तो पुरावा जाळतो. इथे तर जाळायचीही गरज नव्हती. ठशाशेजारी पाण्याचा जग होता. मुलीने ओळ रचली असती, तर एक पेला कलंडला की काम झालं असतं. अपघात म्हणून दोन दिवस रडली असती आणि सुटली असती. प्रतिपक्षाच्या मुलालाही तेच सोपं होतं. पण चोराने पाण्याला हात लावला नाही. ठसा फळ्यांसकट, फितीसकट, जपून नेला. म्हणजे त्याला ठसा मारायचा नव्हता. काही दिवस लोकांच्या नजरेआड ठेवायचा होता."

त्यांनी हातातली लेखणी पाटावर ठेवली.

"मग मी विचार केला, ठशाला जिवापाड जपणारी माणसं इथे किती? एक ती मुलगी. आणि दुसरे ते, ज्यांनी काल संध्याकाळी पाहुण्याला टेबलावरच्या तांब्यातून पाणी दिलं, आणि आज दुखऱ्या गुडघ्यांनी खिडकीपर्यंत चालत गेले. तांब्या एका रात्रीत टेबलावरून का उतरला? कोश जमिनीवर का गेले? टेबल समोर असताना माणूस मांडीवर का लिहितो? पाणी आणि वजन, शास्त्रीबुवा. ठशाचे शत्रू दोन. तुम्ही दोघांनाही त्या हिरव्या कापडापासून लांब ठेवलंत. चोराने केलं नसतं असं हे काम. पण तुम्हाला राहवलं नाही."

त्यांनी हात पुढे करून कापडावरून अलगद फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"तुम्ही विचारलंत, सभा रद्द होणार ना," मी म्हटलं. "ठसा सापडेल का, हे नाही विचारलंत. ज्याचं खरंच हरवतं, तो आधी ते विचारतो."

"मी तो कायमचा घेणार नव्हतो," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "प्रतिपक्ष जाईपर्यंतच. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत त्याला. शनिवारी मी जिंकलो की रविवारी तो कशाला उठेल?"

"आणि तुम्ही कशाला उठाल?"

त्यांनी मान वर केली. त्या खोलीत एक खाट होती, एक खुर्ची होती, दाराशी चपलांचा एकच जोड होता. मला ती खोली ओळखीची वाटली आणि मला त्याचा रागही आला.

"खरं आहे," ते म्हणाले. "माझ्याशी बोलणारा दुसरा कुणी नाही, बाई. येतात ते शिकायला येतात, नाहीतर सही घ्यायला. मी चूक आहे असं तोंडावर सांगणारा तो एकटाच."

"पण मुलीचं काय? तुम्ही म्हणालात, मी वाचलंच नाही. ते एक वाक्य तिच्यावर शेकलं."

"ती तरुण आहे. तिच्यापुढे पुष्कळ वर्षं आहेत."

आता मात्र मी भडकले. "वा! एका वर्षासाठी तुम्ही उभा जन्म भांडलात, तेवढंही सोडलं नाहीत. आणि तिची वर्षं अशी खिरापतीसारखी वाटून टाकता? ती बाहेर जिन्यावर बसली आहे. डबाही उघडलेला नाही तिने."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"तिला मीच बोलावतो," ते म्हणाले.

६

मुलगी आली. शास्त्रीबुवांनी स्वतःच्या हाताने हिरवं कापड बाजूला केलं. खाली फळ्या होत्या, फीत जशीच्या तशी. तिने फीत सोडली, वरची फळी उचलली आणि शेवटच्या ओळीवरून बोटं फिरवली. ठसा शाबूत होता.

"चूक माझी," ते म्हणाले. "शनिवारी सभेत मी उभा राहून सांगणार आहे की ठसा मी लपवला होता, आणि ओळ मी या बोटांनी वाचली आहे. तू रचलेली नाहीस."

"सर," ती म्हणाली, "माझी झडती घेतली तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. भिंत पातळ आहे ही. तुम्हाला ऐकू येत होतं."

त्यांनी मान खाली घातली. तिने फीत पुन्हा बांधली, फळ्या छातीशी धरल्या आणि ती गेली. जाताना नमस्कार केला नाही. मला ते बरोबर वाटलं.

मी निघत होते, तेवढ्यात त्यांनी थांबायची खूण केली आणि फोन लावला. फोनमधला आवाज त्यांना बारीक वाटत असल्यामुळे ते फोन मोठ्या आवाजावर ठेवत, त्यामुळे पलीकडचा थकलेला आवाज मलाही ऐकू आला.

"आज रविवार नाही."

"ठाऊक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "नवा लेख मिळालाय. शेवटच्या ओळीत स्वच्छ आहे. वर्ष सरलेलं." त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्ही हरलात."

पलीकडे शांतता. इतकी की मला त्या म्हाताऱ्या हृदयाची काळजी वाटू लागली. मग एक बारीकसा आवाज आला. आधी मला तो खोकला वाटला. ते हसत होते.

"फार वेळ लावलात," प्रतिपक्ष म्हणाले. "सरलेलंच आहे ते. ही गेली ना, त्या वर्षी वेळ जाईना म्हणून सगळे लेख मी पुन्हा तपासायला घेतले. तेव्हाच कळलं होतं मला."

शास्त्रीबुवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं खोटंच भांडलात?"

"बोललो असतो तर रविवारी फोन कुणाला केला असता?"

यावर शास्त्रीबुवांना काही सुचेना. पलीकडच्यालाही सुचत नव्हतं. दोघे मोठे विद्वान फोन धरून नुसते बसले होते. भांडण संपलं होतं आणि दुसरं काही बोलायची दोघांनाही सवय नव्हती. आता एक जण फोन ठेवणार आणि मग पुन्हा कधीच उचलणार नाही, असं मला वाटून गेलं.

"जेवलात का?" पलीकडून आवाज आला.

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाला हजार वर्षांपूर्वीच्या राजाची तिथी विचारली तरी अडत नसे, त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "अजून नाही."

"मीही नाही."

जेवण माझंही व्हायचं होतं, पण मला कुणी विचारलेलं नव्हतं. मी खिडकीतला तांब्या उचलला, त्यांच्या हाताशी टेबलावर ठेवला, आणि दार हळूच ओढून घेतलं.